गिअरची मूठ हातात आली तेव्हा

आम्ही मेडशीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. घरात रेडिओ मोठ्याने लागला असेल आणि दादा, भाऊजी, मामंजी ऐकत असतील तर ऐकू द्या. त्यांनी उठून जायचं कारण नाही, कारण आजचा विषय त्यांच्याही कामाचा आहे. आज आम्ही पापडाबद्दल बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज बोलायचंय गाडीच्या गिअरच्या मुठीबद्दल. गिअरच्या दांड्यावर जो गोळा असतो ना, तळहातात बसणारा, तो. कोणी त्याला नॉब म्हणतं, आमच्याकडे मूठ म्हणतात.

एवढ्याशा गोळ्यावर भाषण काय करायचं, असं आम्हालाही वाटायचं. मग एक दिवस तो पातूरच्या घाटात आमच्या ताईच्या हातात आला.

आमच्या गटाकडे जुनी चारचाकी आहे. तिसऱ्या हाताची. मागची सीट काढून तिथे पोती ठेवतो. तूरडाळ, पापड, शेवया, मसाला घेऊन अकोल्याला जातो आणि येताना डबे, पिशव्या, लेबलं आणतो. गाडी चालवते आमच्यातलीच एक. वयाने मधली, पण तिला सगळ्याच ताई म्हणतात. आणखी दोघी शिकाऊ लायसन्सवर शिकताहेत. हे लायसन्स सहा महिने चालतं आणि पहिले तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. त्या दोघी रोज सकाळी मैदानात गाडी पुढे-मागे करतात आणि गावातली पोरं भिंतीवर बसून पाहतात.

त्या दिवशी गाडीत चौघी होतो आणि पोती भरलेली. मेडशीहून पातूरकडे जाताना रस्ता खाली उतरतो, वळणं येतात, आणि अकोला-नांदेडचा महामार्ग असल्यामुळे पुढे-मागे ट्रक असतातच. ताईने तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यात घ्यायला क्लच दाबला, दांडा तिसऱ्यातून काढला, आणि हात वर आला तो मुठीसकट.

"मूठ निंगाली वो," ती म्हणाली.

शेजारी बसलेल्या खजिनदारबाईंना कळलंच नाही. "काय निंगालं?"

"गिअरची मूठ निंगाली. बोलू नका आता."

तुम्ही गाडी चालवत असाल तर तुम्हाला समजलं असेल की त्या क्षणी काय होतं. गाडी कुठल्याच गिअरमध्ये नव्हती. उतारावर गिअरमध्ये असलेली गाडी इंजिन धरून ठेवतं. न्यूट्रलला आली की तिला धरायला फक्त ब्रेक उरतो आणि ती सुटायला लागते. मागून ट्रकचा हॉर्न वाजत होता. ताईने मूठ मांडीवर टाकली, उघड्या दांड्याला हात घातला आणि दुसऱ्यात ओढला. दांड्याच्या टोकाला आटे असतात, बोल्टला असतात तसे. तळव्याची कातडी सोलली गेली, पण गिअर पडला. मग ब्रेक, चारही इंडिकेटर, आणि जरा रुंद जागा आली तिथे डाव्या अंगाला गाडी उभी. आम्ही मागच्या दोघी पोत्यांना धरून बसलो होतो. एकीने उतरल्याबरोबर देवाचं नाव घेतलं, दुसरीने ताईच्या हाताला पदराची चिंधी बांधली.

तिने जे केलं ते आधी सांगून ठेवतो, कारण तेच सगळ्यात कामाचं आहे. मूठ गेली म्हणजे गिअर गेला असं नसतं. दांडा तोच असतो, गिअरपेटीला जोडलेला असतो, आणि उघड्या दांड्याने सगळे गिअर पडतात. फक्त हाताला लागतं. रुमाल हाताशी असेल तर बरं, पण तो शोधण्यासाठी खाली पाहायचं नाही. मूठ पायाशी पडली तर पडू द्यायची. हां, ती ब्रेकच्या खाली घरंगळली तर मात्र संकट आहे, म्हणून ताईने ती मांडीवर टाकली. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

घरी आल्यावर जे झालं ते घाटापेक्षा जड गेलं. एकीच्या घरून ऐकायला मिळालं की बायांच्या हाती गाडी दिल्यावर हेच व्हनार. चौकातही तेच बोलणं. आणि महिन्याच्या बैठकीत आमच्यातल्याच एकीने ठराव मांडला की आता पगारी ड्रायव्हर ठेवावा. तिचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. ती त्या दिवशी गाडीत होती, पोतं धरून. पण हिशेब मांडला तेव्हा दिसलं की ड्रायव्हरचा पगार आणि गाडीचा हप्ता मिळून महिन्याच्या नफ्यातून काही उरत नाही. म्हणजे गाडी ठेवायची ती दुसऱ्याला पगार देण्यासाठी.

आणि मग खजिनदारबाईंनी विचारलं, "पन ती मूठ बसोली कोनं होती?"

बसवली होती आम्हीच.

जुनी मूठ काळ्या प्लास्टिकची, उन्हाने चिकट झालेली, वरचे आकडे पुसलेले. शिकणाऱ्या दोघींना आकडे दिसत नाहीत म्हणून बदलायची असं ठरलं. एका दुकानात गेलो. तिथे एका ताटात लाडू मांडावेत तशा मुठी मांडल्या होत्या. धातूच्या चकचकीत, लाकडी, लाल दिवा लागणाऱ्या, आणि एक पारदर्शक गोळा, ज्याच्या आत गुलाबी फूल. आम्ही सगळ्यांनी फूल निवडलं. खोटं कशाला सांगायचं? दुकानातला पोरगा म्हणाला, "सगळ्या गाड्यांना बसते." त्याने आत एक प्लास्टिकची नळी घातली, दांड्यावर सरकवली, बाजूचे तीन बारीक स्क्रू आवळले. साडेतीनशे रुपये. पाच मिनिटांत काम झालं.

सजवण्याची हौस काही वाईट नाही. ट्रकवाले आपली केबिन कशी सजवतात ते महामार्गावर राहणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी, ज्या ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या, त्यांचा गिअरचा दांडा तर खाली नसून स्टिअरिंगच्या खांबाला होता. ज्या वस्तूला दिवसभर हात लागतो ती सुंदर असावी असं माणसाला वाटतंच. आपण जात्याच्या खुंट्यालासुद्धा हळदकुंकू लावतो. पण खुंटा आधी घट्ट ठोकतो.

आम्ही गाडी घेऊन एका ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी फुलाचा गोळा हातात घेतला, फिरवून पाहिला, आणि आधी हसले. मग त्यांनी जे समजावलं आणि आम्ही नंतर स्वतः करून पाहिलं, ते सांगतो.

दांड्याच्या टोकाला आटे असतात आणि मूळ मूठ त्या आट्यांवर फिरवून बसवलेली असते, बरणीचं झाकण बसवतो तशी. सगळ्या गाड्यांना बसणारी मूठ आट्यांवर बसतच नाही. ती तीन बारीक स्क्रूंच्या टोकांवर लटकलेली असते. रस्त्याचे हादरे, इंजिनाची थरथर आणि दिवसातून शेकडो वेळा हाताचा झटका, यांनी ते स्क्रू हळूहळू ढिले होतात. वर मधली नळी प्लास्टिकची, ती उन्हाने मऊ पडते. म्हणजे मूठ त्या दिवशी निघाली नाही. ती बसवली त्या दिवसापासून निघतच होती.

तर मूठ घ्यायची ती आपल्या दांड्याच्या आट्यांची. हे आटे सगळ्या गाड्यांना सारखे नसतात. दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, दांड्याची जाडी. ती बहुतेक ८, १० किंवा १२ मिलिमीटर असते. दुसरी, आट्यांमधलं अंतर. ते १.२५ मिलिमीटर असतं किंवा १.५. उदाहरण द्यायचं तर होंडाच्या बऱ्याच गाड्यांना १० जाडी आणि १.५ अंतर, निसानला १० आणि १.२५, टोयोटाला १२ आणि १.२५. पण ही यादी पाठ करून दुकानात जाऊ नका. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांतही फरक असू शकतो, आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय केलं असेल ते देवालाच ठाऊक. मोजून घ्या.

मोजणं आपल्याला अवघड नाही. शिवणकाम करणारी बाई इंचात टाके किती ते नजरेने सांगते. दांड्यावर पट्टी उभी धरा आणि दहा आट्यांची लांबी पाहा. एका कडेपासून सुरुवात करून त्यापुढच्या दहाव्या कडेपर्यंत. साडेबारा मिलिमीटर भरली तर अंतर १.२५, पंधरा भरली तर १.५. आमच्यातल्या शिलाईवाल्या वहिनींनी हे पहिल्या फटक्यात सांगितलं, आणि मैदानातली पोरं भिंतीवरून उतरून पाहायला आली.

इथे एक फसवणूक आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा १० नंबरचा साधा नट असतो १.५ अंतराचा. आपला दांडा १० चा पण १.२५ चा असेल तर तो नट एखादा फेरा आत जातो आणि अडतो. आपल्याला वाटतं गंज असेल, जरा जोर लावू. जोर लावला की आटे मारले जातात, आणि मग कुठलीच मूठ नीट बसत नाही. आटे जुळत असतील तर नट किंवा मूठ दोन बोटांनी फिरते. पान्याची गरज पडली म्हणजे काहीतरी चुकतंय. सगळ्यात सोपं म्हणजे जुनी मूठ सोबत न्या किंवा गाडीच दुकानाच्या दारात उभी करा आणि पैसे देण्याआधी फिरवून पाहा.

जुनी मूठ काढताना गाडी सपाटीवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे दगड. मग मूठ डावीकडे फिरवायची. निघाली नाही तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं दोन मिनिटं गुंडाळा. आत डिंकासारखं काही लावलेलं असेल तर ते सैल होतं. वाकून वर ओढू नका. आमच्या एकीने ओढली, ती एकदम सुटली आणि हनुवटीवर बसली. आठवडाभर सगळे तिच्या नवऱ्याकडे संशयाने पाहत होते. काही गाड्यांत मूठ फिरवायची नसतेच, खालून खटक्याने अडकवलेली असते किंवा रबरी कव्हराला जोडून येते. अशा गाडीला आट्यांची मूठ बसणारच नाही. तिला तिचीच घ्यावी लागते.

रिव्हर्सचंही आधी पाहून घ्या. काही गाड्यांत रिव्हर्स टाकताना मुठीखालची कडी वर उचलावी लागते, काहींत मूठ खाली दाबावी लागते. चालता चालता चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून ती सोय असते. कडीवाल्या गाडीला साधा गोळा लावला आणि कडी बोटांना उचलताच येईना, तर गाडी घरातून बाहेर निघेल पण मागे येणार नाही. आमच्या गाडीला कडी नाही, म्हणून तेवढं वाचलो.

आता आकड्यांबद्दल, कारण सगळी भानगड त्यांच्यापासून सुरू झाली. आमच्या गाडीला पाच गिअर, आणि रिव्हर्स उजवीकडे खाली, पाचव्याच्या समोर. फुलाच्या गोळ्यावर छापलं होतं सहा गिअरचं चित्र, आणि रिव्हर्स डावीकडे वर, पहिल्याच्या शेजारी. म्हणजे जिथे आमचा रिव्हर्स तिथे गोळा म्हणत होता सहावा गिअर. ताईला सवयीने ठाऊक, ती कधी खाली पाहत नाही. पण शिकणाऱ्या दोघी पाहतात, आणि ज्यांच्यासाठी मूठ बदलली त्यांनाच ती चुकीचं सांगत होती. हे आमच्या एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. मेकॅनिककाकांनी दाखवलं तेव्हा सगळ्या गप्प.

वजनाची गंमत पाहा. जुनी मूठ आणि फुलाचा गोळा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले. जुनी सत्तर ग्रॅम, गोळा तीनशेच्या वर. जड मूठ हातात चांगली वाटते, गिअर आपोआप पडल्यासारखा वाटतो. नव्या घट्ट गाडीत ती चालून जाते. पण जुन्या गाडीत दांड्याचे सांधे आधीच सैल असतात, आणि त्यावर जड गोळा खड्ड्याखड्ड्यात हिसके देत राहतो. उंचीचंही तसंच. मूठ उंच असली की जोर कमी लागतो पण हात लांब न्यावा लागतो, बुटकी असली की उलट. आमची एक शिकाऊ ठेंगणी आहे, सीट अगदी पुढे घेऊन बसते. तिला पाचव्यात टाकताना कोपर कुठे जातं हे बसून पाहिल्याशिवाय कळलं नसतं.

आणि ऊन. अकोल्या-वाशिमकडचं ऊन आपल्याला कोणी सांगायला नको, अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीत धातूची मूठ तव्यासारखी तापते. तिच्यावर विणलेली टोपी चढवतात, पण ती टोपी घसरते आणि पकड जाते, म्हणून आम्हाला ते पटत नाही. पारदर्शक गोळ्याची तर वेगळीच करामत. एक दिवस ड्रायव्हरच्या सीटच्या कव्हरवर करड्या रंगाचा जळका ठिपका दिसला. आम्ही पोरांवर आळ घेतला की कोणीतरी विडी टेकवली. नंतर कळलं, पारदर्शक गोळा भिंगासारखा ऊन एका जागी गोळा करतो. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो ना, तेच. गाडी तासन् तास उन्हात उभी आणि मागे पापडांचे कागदी खोके. पुढचा विचार तुम्हीच करा.

शेवटी आम्ही घेतली साधी काळी मूठ, आमच्याच गाडीच्या जातीची, वर पाच गिअरचं पांढरं ठळक चित्र. एकशे ऐंशी रुपये. म्हणजे फुलाच्या जवळपास निम्म्यात. ती आम्ही स्वतः बसवली, मेकॅनिककाका नुसते स्टुलावर बसून पाहत होते.

आधी दांड्याचे आटे जुन्या ब्रशने घासून रॉकेलच्या फडक्याने पुसले आणि कोरडे केले. मग दांड्यावर एक पातळ नट आधी चढवला. मेकॅनिक त्याला चेकनट म्हणतात. मग मूठ फिरवली आणि फेरे मोजले. किती फेरे आत गेली हे महत्त्वाचं आहे. दांडा जेवढा जाड, निदान तेवढ्या लांबीचे आटे आत जायला हवेत. दहाचा दांडा आणि १.२५ चं अंतर, म्हणजे आठ पूर्ण फेरे. तीन-चार फेऱ्यांतच घट्ट झाली तर ती घट्ट झालेली नाही, ती अडकलेली आहे. आमची साडेनऊ फेऱ्यांवर थांबली, आणि आकड्यांचं चित्र तिरकं आलं. चेकनट त्यासाठीच. मूठ अर्धा फेरा मागे घेऊन चित्र सरळ केलं, नऊ फेरे उरले, आणि खालून चेकनट वर आणून मुठीला टेकवून पान्याने आवळला. दोघे एकमेकांना दाबून धरतात, मग कोणीच फिरत नाही.

आट्यांना लावायला एक निळं द्रव मिळतं, सुकलं की आटे धरून ठेवतं, तरी पुढे हाताने जोर लावून काढता येतं. तेच लाल रंगाचं मिळतं, ते घेऊ नका, ते सहज सुटत नाही. झटपट चिकटवायचा डिंक तर अजिबात नको. नळाला गुंडाळतो ती पांढरी टेप एक-दोन वेढे लावली तर खुळखुळ थांबते, पण मूठ चुकीच्या मापाची असेल तर टेपने ती बरोबर होत नाही.

मग परीक्षा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, एकेक गिअर टाकला, रिव्हर्ससुद्धा. मूठ पुढे गेल्यावर टेपला किंवा डॅशबोर्डला लागत नाही ना, मागे आल्यावर बोटं सीटला घासत नाहीत ना, हे पाहिलं. मग ताईने मूठ दोन्ही हातांनी वर ओढली. जीव खाऊन ओढली. घाटातला सगळा राग त्या ओढण्यात होता. ती हलली नाही.

आता बाजाराच्या दिवशी गाडीत पोती भरण्याआधी कोणीतरी मूठ धरून फिरवून पाहतं, जसं आपण सिलिंडरचं बटण पाहतो. आणि मेकॅनिककाकांनी सांगितलेली एक सवय आम्ही मोडतोय. गाडी चालताना डावा हात मुठीवर विसावून ठेवायचा नाही. त्या वजनाने आतले भाग एकमेकांवर घासत राहतात आणि गिअरपेटी झिजते. गिअर टाकला की हात स्टिअरिंगवर. ताईला हे जमत नाही अजून. तिला हात ठेवल्याशिवाय बरं वाटत नाही, विशेषतः घाटात. आम्ही काही बोलत नाही.

ठरावाचं काय झालं, ते विचाराल. पुढच्या बैठकीत तो पुन्हा निघाला. आम्हाला वाटलं होतं मांडणारी मागे घेईल. तिने घेतला नाही. ती म्हणाली, "मले तुमच्यावर भरोसा हाये, पन मले भेवही लागते, मी काय करू?" तेव्हा तिलाच अकोल्याच्या पुढच्या खेपेला पुढच्या सीटवर बसवलं, आणि निघण्याआधी मूठ तपासायचं काम तिला दिलं. तिने खालचा चेकनट पान्याने हलवून पाहिला, मूठ फिरवून पाहिली, आणि मग ती चपला काढून, पाय वर घेऊन बसली. पातूर येईपर्यंत बोलली नाही. घाट संपल्यावर तिने पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या. ठराव सध्या दोन महिन्यांसाठी पुढे ढकलला आहे. जून २०२३ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या बाईने सासवड ते नीरा एसटी बस चालवली, ते आम्ही त्या बैठकीत सांगून पाहिलं होतं. त्यावर ती म्हणाली की एसटीची मूठ तरी घट्ट असेल.

फुलाचा गोळा आम्ही फेकला नाही, साडेतीनशे रुपये आहेत. तो आता गटाच्या नोंदवहीवर ठेवतो, पंख्याने पानं उडू नयेत म्हणून. खिडकीपासून लांब.